पनीर हिवाळ्यातच का बुळबुळायला लागलं? एका टाकीची केस

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका पनीरवाल्या दादांचा फोन आला. कऱ्हाडच्या पुढे त्यांचं छोटं युनिट आहे, रोज साधारण चारशे लिटर दूध आणि त्यातून सत्तरेक किलो पनीर, आसपासची हॉटेलं, दोन-तीन केटरर आणि काही किराणा दुकानं एवढंच गिऱ्हाईक. "मॅडम, माल परत यायला लागलाय. चौथ्या दिवशी पनीर बुळबुळतंय, वर पिवळसर हिरवट कायतरी चढतंय. आणि उन्हाळ्यात काय त्रास नव्हता बगा, ह्या थंडीतच व्हायला लागलंय." मी विचारलं फ्रीज किती वर आहे, तर म्हणाले चार डिग्री, काचेवर आकडाच दिसतोय, आणि मग तो प्रश्न जो मी आजवर किमान पन्नास वेळा ऐकलाय, की थंडीत तर जंतू मरतात ना?

नाही मरत. पण त्यांचा गोंधळ मला पटला, कारण उन्हाळ्यात ठीक आणि हिवाळ्यात खराब हे उलटंच होतं की. म्हणून ही केस नीट लिहून ठेवतेय, छोटं डेअरी युनिट चालवणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

त्यांच्याकडे बाहेरच्या एका लॅबचा रिपोर्ट होता, त्यात एकूण जीवाणू संख्या "समाधानकारक". मी रिपोर्ट उलटापालटा करून बघितला तर प्लेट्स, म्हणजे ज्या बशांत जंतू वाढवून मोजतात त्या, ३७ डिग्रीला २४ तास ठेवलेल्या. आता ३७ म्हणजे आपल्या अंगाचं तापमान, पोट बिघडवणारे बरेचसे जंतू तिथे छान वाढतात, पण फ्रीजमधला माल खराब करणारे जंतू वेगळ्याच जातीचे असतात, त्यांना ३७ म्हणजे आपल्याला मे महिन्यात विदर्भात दुपारी उन्हात उभं केल्यासारखं. त्यातले बरेच तिथे वाढतच नाहीत, किंवा एवढे रेंगाळतात की २४ तासांत प्लेटवर काही दिसत नाही. म्हणजे ज्याने चोरी केली तो सोडून बाकी सगळ्या गावाची झडती घेतली आणि चोर नाही असं लिहून दिलं.

मी त्याच पनीरचे नमुने तीन ठिकाणी लावले: ३७ ला, २१ ला आणि ७ ला. सातवाल्या प्लेट्सना दहा दिवस द्यावे लागतात, थंडीत वाढणारे जंतू मोजायची पद्धतच तशी आहे, घाई करून उपयोग नाही आणि दादा रोज फोन करून "झालं का?" विचारत होते ते वेगळंच. ३७ वर बोटांवर मोजण्याइतके ठिपके. २१ वर भरपूर. आणि ७ वर दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर ठिपके एकमेकांत मिसळलेले, मोजायची सोयच नाही, आणि तो वास, शिळ्या फळासारखा गोडसर आणि खाली थोडा माशाचा, ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही.

जंतूची जात ओळखायला ऑक्सिडेज टेस्ट केली, फिल्टर पेपरच्या तुकड्यावर वसाहत, म्हणजे प्लेटवरचा एक ठिपका, घासली आणि दहा सेकंदांच्या आत जांभळी. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राम निगेटिव्ह काड्या, म्हणजे ग्रामचा जांभळा रंग न धरणारे काडीसारखे जंतू. किंग्ज बी नावाच्या माध्यमावर लावल्या आणि अतिनील दिव्याखाली धरल्या तर निळसर हिरव्या चमकल्या. जंतूचं नाव स्यूडोमोनास, फ्लुओरेसन्स गटातला. ती चमक पायोव्हर्डिन नावाच्या रंगद्रव्याची, हे जंतू ते आजूबाजूचं लोह ओढून घ्यायला सोडतात, आणि पनीरवरची पिवळट हिरवट झाकही बहुतेक त्याचीच.

दादांना हे दाखवायचं होतं पण त्यांच्याकडे लॅब कुठली. मग गल्ल्यावरचा नोटा तपासायचा निळा लाइट आठवला. शटर अर्धं ओढून अंधार केला आणि आजचं पनीर आणि चार दिवसांचं पनीर शेजारी शेजारी त्या लाइटखाली धरलं. एक सावधगिरी सांगते, ताजं पनीरही थोडं चमकतं कारण दुधातलं बी-टू जीवनसत्त्व त्या प्रकाशात पिवळट हिरवं दिसतं, त्यामुळे एकटा तुकडा बघून निकाल द्यायचा नाही, ताज्याशेजारी ठेवूनच बघायचं. ताजं सगळीकडून सारखं, मंद. जुन्यावर मात्र निळसर चट्टे, आणि चट्टे फक्त बाहेरून. सुरीने मधोमध कापलं तर आतला भाग ताज्यासारखाच. दादांच्या आई, आक्का, मागे उभ्या राहून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "म्हंजी वरनंच नासतंय. आत काय नाय."

आक्कांनी एका वाक्यात अर्धी केस सोडवली. स्यूडोमोनास हा पक्का हवेवर जगणारा जीव, त्याला ऑक्सिजन लागतो, आणि पनीरच्या आत ऑक्सिजन पोचतच नाही. पृष्ठभागावर थंडी आहे, ओल आहे, प्रथिनं आहेत, हवा आहे, तो तिथेच पसरणार. (क्वचित काही जण नायट्रेटवरही श्वास घेतात, आणि उसाच्या पट्ट्यात खतांमुळे विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं, पण ते इथे मुख्य कारण नव्हतं.)

आता प्रश्न असा की हा आला कुठून. पनीरचं दूध दादा ९० डिग्रीपर्यंत तापवतात, मग सत्तर-पंचाहत्तरवर आणून सायट्रिक ॲसिडने फाडतात. स्यूडोमोनास एवढ्या उष्णतेत टिकत नाही, साध्या पाश्चरायझेशनला म्हणजे ७२ डिग्रीला १५ सेकंदांतही मरतो. म्हणजे तो नंतर चिकटतोय. फाडल्यानंतर पनीर कापडात बांधून दाबतात, मग ठोकळे गार पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवतात म्हणजे घट्ट होतात आणि नीट कापता येतात, मग कापून पिशव्या. मी कापड तपासलं, सुरी, टेबल, कामगारांचे हात, सगळीकडे थोडंफार होतंच, पण टाकीत हात घातला आणि भिंतीवरून बोट फिरवलं तेव्हा दुसरं काही तपासायची गरज उरली नाही. पाण्याच्या रेषेखाली सगळीकडे पातळ बुळबुळीत थर, विहिरीच्या पायरीवर शेवाळ असतं तसा, फक्त रंग नाही म्हणून कुणाला दिसलेला नाही.

मी विचारलं पाणी कधी बदलता. इथे खरी गंमत आहे. उन्हाळ्यात त्यांचा छोटा चिलर पुरत नाही, त्यामुळे रोज बर्फाच्या लाद्या विकत आणून टाकीत टाकाव्या लागतात, लाद्या वितळल्या की टाकी भरून वाहते, संध्याकाळी ती रिकामी करावीच लागते, दुसऱ्या दिवशी नवं पाणी नवा बर्फ. म्हणजे नाइलाजाने रोज स्वच्छता. नोव्हेंबर उजाडला, विहिरीचं पाणी जरा गार झालं, चिलरवर भागायला लागलं, बर्फाचा खर्च वाचला, मग दादांनी विचार केला की पाणी गारच आहे, स्वच्छ दिसतंय, कशाला रोज फेकायचं, तेच फिरवू. तीन दिवस, चार दिवस, एकदा तर आठवडाभर. थंडी आली म्हणून जंतू वाढले असं झालंच नव्हतं, थंडी आली म्हणून माणसं निश्चिंत झाली आणि त्या निश्चिंतीवर जंतू वाढले.

आणि वर कळस म्हणजे फवारा. पाणी सगळीकडे सारखं गार राहावं म्हणून दादांनी छोटा पंप लावून टाकीच्या वर नळी आणली होती, त्यातून पाणी दीड-दोन फुटांवरून कारंज्यासारखं परत टाकीत पडायचं. ते मला कौतुकाने दाखवत होते. माझ्या डोक्यात मात्र एक तक्ता फिरत होता, पाण्यात विरघळणाऱ्या ऑक्सिजनचा. ३० डिग्रीच्या पाण्यात लिटरला ७.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० ला ९.१, १० ला ११.३, ४ ला १३.१ आणि शून्याला १४.६. म्हणजे पाणी जितकं गार तितकी त्यात हवा जास्त. गार सोड्यात गॅस टिकतो आणि कोमट सोडा फसकन बसतो, तोच हिशोब. तर टाकीत गार पाणी, कारंज्यामुळे ऑक्सिजनने काठोकाठ भरलेलं, ठोकळ्यांमधून पाझरणारं पनीरचं पाणी म्हणजे साखर आणि प्रथिनं, आणि भिंतीवर बसायला जागा. थंडीवाल्या जंतूंसाठी एखादी टाकी मुद्दाम बांधायला सांगितली असती तरी यापेक्षा चांगली जमली नसती.

हा ऑक्सिजनचा मुद्दा लोक विसरतात म्हणून त्यावर जरा थांबते. थंडीवाले जंतू कमी तापमानाला हळू वाढतात पण शेवटी पीक मात्र जास्त येतं असं जुन्या संशोधकांना दिसायचं, आणि वाटायचं की थंडीतच काहीतरी जादू असणार. १९६३ मध्ये सिंक्लेअर आणि स्टोक्स या दोघांनी ते तपासलं आणि दाखवलं की जादू बरीचशी ऑक्सिजनची आहे, गार माध्यमात ऑक्सिजन जास्त विरघळतो म्हणून पीक जास्त येतं, भरपूर हवा दिली तर गरम आणि गार यातला तो फरक मिटतो. म्हणजे वेग ठरवतं तापमान, आणि शेवटी किती होणार यात हवेचा मोठा हात.

मी स्वतः हे दादांच्या टाकीतल्या पाण्यावर करून बघितलं, फार शास्त्रशुद्ध नाही पण डोळ्यांना दिसेल असं. पनीरचं पाणी गाळून, पातळ करून, उकळून गार केलं, प्रत्येक बाटलीत टाकीतलं पाणी चमचाभर टाकलं. दोन बाटल्या गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट. तिसरी पसरट, फक्त पाव भरलेली, तोंडाला कापूस, आणि येता-जाता हलवायची. तिन्ही ७ डिग्रीला. चौथी तिसरीसारखीच पण ३७ ला. चौथी दोन दिवसांत गढूळ आणि आंबूस झाली, ते काम दुसऱ्याच जंतूंचं, चमक काही नाही. पाचव्या दिवशी पाव भरलेली गार बाटली दुधाळ, वर पातळ साय आणि त्याला हिरवट छटा, लाइटखाली धरली तर चकाकली. काठोकाठ भरलेल्या दोन्ही जवळपास निवळशंख. मग त्यातली एक अर्धी ओतून टाकली, कापूस लावला, हलवून परत फ्रीजमध्ये. दोन-तीन दिवसांत तीही दुधाळ. म्हणजे जंतू मेले नव्हते, हवेची वाट बघत बसले होते. दादांनी या दोन बाटल्यांचा फोटो काढून हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, का टाकला देव जाणे.

आता हे जीव थंडीत जगतात कसे? सोपं उदाहरण घरात आहे. थंडीत खोबरेलाची बाटली गोठून दगड होते पण करडईचं तेल पातळच राहतं, कारण दोन्हीतली मेदाम्लं वेगळी. जंतूच्या भोवतीचं पातळ आवरण मेदाचंच असतं, ते गोठलं की आत-बाहेर येणंजाणं बंद, जंतू अडकला. थंडीवाले जंतू गारठा लागला की आवरणात असंतृप्त मेदाम्लं वाढवतात, म्हणजे खोबरेलाचं करडई करून टाकतात. त्यांची विकरं, म्हणजे एन्झाइम, तीही सैलसर घडणीची असतात, कमी तापमानात हलतीफिरती राहतात, आणि त्याची किंमत म्हणून जरा ऊब लागली की लवकर मोडतात. खरे कट्टर थंडीप्रेमी ध्रुवांकडे आणि खोल समुद्रात, त्यांना १५ च्या आसपास किंवा खालीच बरं वाटतं आणि २० च्या वर ते वाढत नाहीत, ही व्याख्या मोरिटा यांनी १९७५ मध्ये केली. आपल्या फ्रीजमधले त्या अर्थाने कट्टर नाहीत, त्यांना पंचवीस-तीस सगळ्यात आवडतं पण ४ लाही चालतं. म्हणून त्यांना थंडी सोसणारे म्हणायचं. आणि तेच जास्त त्रासदायक, कारण ते गोठ्यातही मजेत आणि फ्रीजमध्येही मजेत. फ्रीजमध्ये बाकीचे सगळे आखडून बसतात आणि मैदान यांना मोकळं.

तापमानाचा हिशोब दादांना पटवायचा होता कारण त्यांचं म्हणणं चार काय आणि नऊ काय, गार ते गारच. १९८२ मध्ये रॅटकोव्स्की आणि मंडळींनी एक साधा नियम मांडला, वाढीच्या वेगाचं वर्गमूळ हे तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढतं, आणि ती रेषा मागे ओढली की एका काल्पनिक तापमानाला शून्य होते. स्यूडोमोनाससाठी ते उणे ८ च्या आसपास धरू. मग ४ डिग्रीचा फ्रीज म्हणजे ४ आणि ८ मिळून १२. ९ डिग्रीचा फ्रीज म्हणजे १७. सतरा भागिले बारा, त्याचा वर्ग, उत्तर जवळपास बरोब्बर २. म्हणजे पाच डिग्रीच्या फरकाने वेग दुप्पट, सहा दिवसांचा माल तीन दिवसांत. दादा कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघत होते. मग आम्ही पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून त्यांच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवला, काचेवरचा आकडा ४ आणि दाराजवळच्या ग्लासात साडेसात. दिवसभर दार उघडझाप, वरून ठोकळे एकमेकांना चिकटून भरलेले, हवा फिरायला जागाच नाही.

पनीर मुळात नाजूकच माल, १० डिग्रीला फार तर सहा दिवस टिकतं आणि ताजेपणा तिसऱ्या दिवसानंतरच जायला लागतो, हे आपल्याकडच्या डेअरी शास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे. त्यामुळे मी त्यांना महिनाभराचं स्वप्न दाखवलं नाही. एवढंच सांगितलं की चार दिवसांचे सहा-सात करू.

केलं काय ते थोडक्यात. टाकी रोज रिकामी, ब्रशने घासून, भिंतीवरचा थर जाऊन भिंत हाताला खरखरीत लागेपर्यंत. हा थर नुसत्या क्लोरीनने जात नाही, वरचे जंतू मरतात आणि खालचे थराआड सुरक्षित राहतात, आधी घासायचं आणि मगच क्लोरीन, उलटं केलं तर पैसे पाण्यात. पाणी उकळून गार केलेलं. फवारा काढला, पाणी खालून संथ फिरवायचं. ठोकळे दोन तासांच्या वर ठेवायचे नाहीत. फ्रीजमध्ये मांडणी सैल. मी पाण्यात मीठ घालून बघायलाही सुचवलं होतं, मिठाच्या पाण्यात बुडवलेलं पनीर जास्त टिकतं, पण हॉटेलवाल्यांनी चव बदलली म्हणून नाक मुरडलं, ते सोडून दिलं.

जानेवारीत बुळबुळ गेली. सहाव्या दिवसापर्यंत पनीर कोरडं आणि पांढरं. दादा खूश, आक्कांनी मला घरची काकवी दिली.

पण मग सोमवारचा माल. एक केटरर म्हणाला बाकी सगळं ठीक, पण मंगळवारी येणारं पनीर चार-पाच दिवसांनी जरा कडवट लागतं. बुळबुळ नाही, वास नाही, चट्टे नाहीत, नुसतं कडवट. मी प्लेट लावली तर जंतू नगण्य, अगदी ७ डिग्रीलासुद्धा. इथे मी दोन दिवस अडकले, खोटं कशाला बोलू. मग दुधाचा हिशोब काढला. रविवारी दुधाची गाडी येत नाही, त्यामुळे शनिवारी संध्याकाळचं दूध गावातल्या बल्क कूलरमध्ये, म्हणजे सगळ्यांचं दूध गार ठेवायच्या मोठ्या टाकीत, सोमवार सकाळपर्यंत पडून, वर रविवारचं ताजं दूध त्यातच ओतलं जातं, प्रत्येक वेळी तापमान वर चढतं आणि परत उतरायला वेळ लागतो, आणि कूलरचं पातं दूध हलवत हवा मिसळत राहतं. साय बसू नये म्हणून हलवणं भागच आहे, त्याला इलाज नाही.

त्या दीड दिवसात दुधातला स्यूडोमोनास वाढतो, आणि लिटरला नव्हे मिलिलिटरला दहा लाखांच्या वर गेला की प्रथिनं तोडणारी विकरं दुधात सोडायला लागतो. दादा दूध ९० पर्यंत तापवतात तेव्हा जंतू मरतात पण ती विकरं मरत नाहीत, ती एवढी चिवट असतात की टेट्रापॅकच्या १४० डिग्रीतूनही काही अंशी वाचतात, म्हणून तर कधीकधी टेट्रापॅकचं दूधही न फोडता कडू होतं. मघाशी मी म्हणाले की थंडीवाल्यांची विकरं ऊब लागली की मोडतात, आणि हे बाहेर सोडलेलं विकर मात्र उकळीलाही दाद देत नाही, निसर्ग आपल्या नोट्स वाचून चालत नाही. तर खुनी मेलेला आणि सुरी चालूच, पनीरमध्ये ती विकरं रोज थोडी थोडी प्रथिनं तोडत राहतात आणि तुटलेले तुकडे कडू लागतात. यावर पनीर युनिटमध्ये बसून काही करता येत नाही. दादांनी सोमवारचं शिळं दूध खव्याकडे वळवलं आणि पनीरला सोमवारचं सकाळचं ताजं घेतलं, प्रश्न संपला. खवावाल्याचं काय झालं मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत दादांनी व्हॅक्युमचं मशीन आणलं, मला न विचारता. कुणीतरी सांगितलं होतं की हवा काढली की पनीर महिनाभर टिकतं. तोवर त्यांना हवेचं गणित पाठ झालेलं, त्यामुळे तर्क बरोबर होता, स्यूडोमोनासला हवा लागते, हवा काढा, गेला. आणि खरंच गेला. दहाव्या दिवशी पाकीट फोडलं तर पनीर पांढरं, बुळबुळ शून्य. एका पाकिटाच्या सीलवर सुरकुती पडली होती, त्यात हवा गेलेली, आणि त्या सुरकुतीच्या तोंडाशी बरोब्बर रुपयाएवढा हिरवट चट्टा, बाकी पनीर स्वच्छ. ते पाकीट मी फोटो काढून ठेवलंय, ऑक्सिजन शिकवायला याहून चांगलं चित्र नाही. आणखी एक, पाकिटात उरलीसुरली हवा जंतू वापरून टाकतात आणि तिचा कार्बन डायऑक्साइड होतो, तोही गार ओलाव्यात जास्त विरघळतो आणि स्यूडोमोनासला आणखी दाबतो. अर्थात पिशवी नायलॉनच्या थरांची हवी, साध्या पातळ पॉलिथिनमधून ऑक्सिजन आरपार जातो, पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वस्त पिशव्या वापरल्या आणि नाव व्हॅक्युमचं झालं.

बाराव्या-तेराव्या दिवशी फोन. "मॅडम, पाकिटं फुगलीत. उशीवानी."

आंबूस वास, पाणी सुटलेलं, चिमटा घेतला तर गॅस. लाइटखाली चमक नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे तो जांभळा रंग धरणारे, गोलाकार जंतू, साखळीत, पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर बुडबुडे नाहीत. लॅक्टिक गटातले, ल्युकोनोस्टॉकसारखे, गॅस करणारे. यांना हवा असली काय नसली काय, आणि यातले काही थंडीही सोसतात. आधी स्यूडोमोनास एवढ्या जोरात वाढायचा की यांना संधीच नव्हती, हवा काढून आपण त्याला बाजूला केलं आणि यांना रस्ता मोकळा करून दिला. दुकानांतले फ्रीज तपासायला सांगितले तर दोन दुकानदार रात्री फ्रीज बंद करतात, लाइट बिल वाचतं म्हणून. सकाळी आत हात घातला तर माठाएवढंच गार.

त्या दिवशी मी दादांना जरा जोरातच बोलले, कारण त्यांनी स्टिकरवर ३० दिवस छापायला दिलं होतं. फुगलेलं, आंबलेलं पनीर कुणी खात नाही, ते नुसतं नुकसान. भीती वेगळ्याची आहे. लिस्टेरिया नावाचा रोगजंतू शून्याच्या आसपासही हळूहळू वाढतो, हवेची पर्वा करत नाही, आणि पनीरचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही, गरोदर बायकांसाठी तो फार वाईट. आणि हवा नसेल तर बोट्युलिझमच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेच्या, जंतूची एक शाखा तीन-साडेतीन डिग्रीपासून पुढे वाढू शकते, अमेरिकेत १९६३ मध्ये ग्रेट लेक्स सरोवरांतल्या, हवाबंद पाकिटातल्या धुरी दिलेल्या माशांनी माणसं मेली ती या जंतूच्या ई प्रकारामुळे. बुळबुळणारं पनीर निदान ओरडून सांगतं की मला फेका. आपण हवा काढून तो ओरडणारा गप्प केला, आता जो येईल तो गुपचूप येईल. दादा ऐकून घेत होते, मग म्हणाले, "मग मशीन परत देऊ का?" तसंही नाही. पाकिटावर १० दिवस, ४ च्या खाली ठेवा असं ठळक अक्षरात, रात्री फ्रीज बंद करणाऱ्या दोन दुकानांना सुटा माल रोजच्या रोज, आणि लिस्टेरियाची तपासणी ठराविक दिवसांनी, तिचा खर्च त्यांना टोचतोय पण करतात.

मेमध्ये सहज तिकडून जात होते म्हणून डोकावले. टाकीत बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या, पाणी कडेने वाहत होतं, गल्ल्यावरचा निळा लाइट टाकीच्या शेजारी खिळ्याला टांगलेला. फवाऱ्याचा पंप त्यांच्या पोराने माशांच्या पेटीला लावलाय. आक्कांनी विचारलं, यंदा थंडी पडली की परत येशील का बघायला. म्हटलं येते, पण नोव्हेंबरात पाणी गार झालं की दादांना तुम्ही रोज टाकी उपसायला लावा. त्या म्हणाल्या, "त्यो ऐकतोय व्हय माजं."